एचआरने राजीनामा मागितलाय, देऊ का?

सिंहगडी

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, फार तर किल्ल्यांच्या धाग्यावर एखादा फोटो टाकतो. आज सल्ला हवाय. घरी अजून कुणाला काही बोललो नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

हिंजवडीतल्या एका मोठ्या सर्व्हिसेस कंपनीत सोळा वर्षं आहे. नाव लिहीत नाही. कुणी ओळखलंच तरी कृपया लिहू नका. हुद्दा डिलिव्हरी मॅनेजर. पावसाळ्यात प्रोजेक्ट संपला, कारण क्लायंटने हैदराबादला स्वतःचं सेंटर काढलं आणि काम तिकडे नेलं. टीममधली पोरं महिन्याभरात दुसरीकडे लागली, काहींना तर क्लायंटनेच उचललं. मी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना. मग आरएमजीच्या, म्हणजे माणसांना प्रोजेक्टवर नेमणाऱ्या विभागाच्या, फेऱ्या सुरू. प्रत्येक अंतर्गत इंटरव्ह्यूत एकच सूर: प्रोफाइल उत्तम आहे सर, पण या रोलला सहा-सात वर्षांचा माणूस बसतो. असं म्हणणाऱ्यांतला एक जण माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला बिचाऱ्याला माझ्या डोळ्याला डोळा देता येईना.

गेल्या आठवड्यात एचआरने बोलावलं. फोन बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायला लावला. आत स्क्रीनवर सेपरेशनचं पान उघडून ठेवलेलं, आणि कारणाच्या ड्रॉपडाउनमध्ये 'पर्सनल रीझन्स' आधीच निवडलेलं. मी फक्त सबमिट दाबायचं बाकी होतं. दोन महिन्यांचा पगार देऊ म्हणाले. राजीनामा दिला तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेशन करावं लागेल आणि ते 'रेकॉर्डवर राहील' म्हणाले. मी दाबलं नाही, वेळ मागितला. सोमवारपर्यंत दिलाय.

बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता आहे, लेक दहावीला. राजीनामा द्यावा का? मागायचं तर काय मागायचं? आणि या 'रेकॉर्ड'मध्ये खरंच काही दम आहे का?

---

माधुकरी

सिंहगडी, आधी एक करा. आज रात्रीच घरी सांगा. हप्ता दोघांचा आहे, मग काळजी एकट्याने का करायची? बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

फुकटचंबू

पर्सनल रीझन्स बरोबरच आहे की. कंपनीची पर्सनल रीझन्स.

---

रेघोट्या

चंबू, हसू आलं खरं, पण तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत.

सिंहगडी, तुमच्या कंपनीतलं मला काही माहीत नाही. ज्यांचे आकडे जाहीर आहेत त्या टीसीएसचं घेतो. २०२५च्या जूनअखेर त्यांच्याकडे ६,१३,०६९ माणसं होती. जुलैच्या शेवटी त्यांनी सांगितलं की त्या आर्थिक वर्षात साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर लोक कमी करणार, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. सप्टेंबरअखेरचा आकडा आला ५,९३,३१४. एका तिमाहीत निव्वळ १९,७५५ ची घट. कंपनी म्हणाली, आम्ही सोडलेले लोक एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे सहा हजारांच्या घरात. मग बाकीचे? ते आपणहून गेले आणि तेवढ्या जागा भरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना म्हणते की दबाव आणून राजीनामे घेतले. कंपनीने ते फेटाळलंय. कोण खरं याचा निवाडा मी इथे बसून करत नाही. पण कुठल्याही कंपनीत ते ड्रॉपडाउन असं आधीच भरून ठेवलं, तर त्या माणसाची नोंद कपातीच्या रकान्यात होत नाही, अ‍ॅट्रिशनच्या, म्हणजे आपणहून सोडून गेलेल्यांच्या, रकान्यात होते. एवढं तर कळतं.

दुसरं गणित जास्त बोचरं आहे. त्या तिमाहीला त्यांचं मागच्या बारा महिन्यांचं अ‍ॅट्रिशन होतं १३.३ टक्के. सहा लाखांवर हा दर लावला तर वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर पडतात. मग त्यावर आणखी बारा हजार काढायची वेळ का यावी? नुसती भरती थांबवली तरी भागलं असतं. भागत नाही, कारण जाणारे वेगळे आणि नकोसे झालेले वेगळे. आपणहून जातात ते तीन ते सात वर्षांचे. त्यांना बाजारात भाव आहे आणि ते कंपनीला स्वस्तही पडतात. जे जात नाहीत ते चाळिशीतले, घर-शाळा-आईवडील या सगळ्यात गुंतलेले, पगाराने जड झालेले. अ‍ॅट्रिशन पहिल्यांना नेतं आणि कपात दुसऱ्यांवर येते. म्हणजे निष्ठेने थांबला तोच यादीत.

२०२२ आठवतंय का? सप्टेंबर तिमाहीत टीसीएसचं अ‍ॅट्रिशन २१.५ होतं, त्याआधी जूनमध्ये इन्फोसिसचं २८.४. तेव्हा राजीनामा टाकला की मॅनेजर काउंटर ऑफर घेऊन मागे धावायचे. हेच सिंहगडी तेव्हा पोरांना थांबवण्यासाठी कॉलवर कॉल घेत असणार.

---

सिंहगडी

घेत होतो. रिटेन्शन बोनसच्या यादीत वीस नावं दिली होती. स्वतःचं दिलं नव्हतं.

---

एचआर_होते_मी

बरीच वर्षं एचआरमध्ये काढली, आता ठाण्यात दुसरा उद्योग करते. आतून कसं चालतं ते सांगते, कुठल्याही एका कंपनीचं नाही.

आकडा फायनान्सकडून येतो. ग्रेड आणि रक्कम. उदाहरणार्थ, अमुक ग्रेडच्या वरची इतकी कोटी कॉस्ट मार्चच्या आत कमी. नावं नंतर भरली जातात. आधी बेंचवरचे, मग ज्यांचं शेवटचं रेटिंग खालचं, मग ज्यांच्या बाजूने बोलायला वर कुणी उरलेलं नाही असे. तिसरा गट मोठा असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तुमचा व्हीपी मागच्या वर्षी सोडून गेला असेल, तर तुमचं काम कितीही चांगलं असो, खोलीत तुमचं नाव घेणारं कुणी नसतं.

राजीनामाच का हवा असतो? एक, कायद्याची पायरीच येत नाही. दोन, बातमी होत नाही. तीन, तिमाही निकालाच्या कॉलवर उत्तर द्यायला सोपं. म्हणून तुमच्या सहीला किंमत आहे. ती फुकट देऊ नका.

'रेकॉर्ड'ची धमकी नव्वद टक्के पोकळ. पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तारखा, हुद्दा, आणि फार तर परत घेण्यालायक आहे का हे विचारते. गैरवर्तन केलेलं नसताना कंपनी तसं लिहायला सहसा धजत नाही, आणि जागा रद्द झाली म्हणून गेलात हे आजच्या बाजारात कुणाला खटकत नाही.

मागायचं काय: नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असेल तर ते तीन महिने तुमच्या हक्काचेच, त्याला पॅकेज म्हणू देऊ नका. त्याच्या वर सेवेच्या वर्षांच्या हिशोबाने रक्कम मागा. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवरचा बदलता पगार, झालेल्या महिन्यांच्या प्रमाणात. ग्रुप मेडिक्लेम पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत चालू ठेवा म्हणावं. आईवडील त्यात असतील तर याची किंमत रोख रकमेपेक्षा जास्त आहे. आणि पत्रात स्पष्ट लिहून घ्या की भूमिका संपुष्टात आल्यामुळे परस्परसंमतीने सेवा समाप्त. पहिला आकडा शेवटचा कधीच नसतो. समोर बसलेल्या मुलीच्या हातात थोडी मोकळीक दिलेली असते, ती ती आपणहून सांगत नाही. मीही सांगत नसे.

---

तेवीसचा_फ्रेशर

सॉरी, पण थोडं कडू बोलतो. २०२२ ला ऑफर लेटर हातात आलं आणि जॉइनिंग मिळायला दीड वर्ष लागलं. गावाकडे लोक विचारायचे, लेटर खरं आहे का रे? आत आलो तर पगार तोच, साडेतीन लाखांच्या आत, जो माझ्या मामाला दहा वर्षांपूर्वी लागला होता. आणि वर सात थर मॅनेजरांचे. कोड कोण लिहितं? आम्ही तिघं. कॉलवर किती? अकरा. एक्सेल इकडून तिकडे पाठवणाऱ्याला चाळीस लाख आणि रात्री दोनला प्रॉडक्शन उभं करणाऱ्याला साडेतीन. मधले थर कमी होत असतील तर मला मनापासून वाईट वाटत नाही. सिंहगडी सर, तुमच्याबद्दल व्यक्तिशः नाही.

---

सिंहगडी

राग नाही. अकरा जणांचे कॉल मीही घेतलेत.

---

रेघोट्या

@तेवीसचा_फ्रेशर, राग रास्त आहे, पत्ता चुकलाय. हा धंदा पिरॅमिडवर चालतो. खाली भरपूर स्वस्त फ्रेशर, वर मोजके महाग. क्लायंटला सरासरी दर लावायचा आणि खालचा थर जितका रुंद तितका नफा. त्यासाठी दरवर्षी खाली भरती हवी आणि मधून गळती हवी. मग झालं काय, २०२१-२२ मध्ये टीसीएसने एका वर्षात लाखावर फ्रेशर घेतले, आणि पुढे मागणी मंदावली तशी गळतीही मंदावली. लोक जागचे हलेनात. मधला थर फुगला. २०२३-२४ मध्ये त्यांची वर्षअखेरची संख्या १३,२४९ ने घटली, शेअर बाजारात आल्यापासून पहिल्यांदाच.

आणि मॅनेजर कुणी केलं? दहा वर्षांचा चांगला प्रोग्रॅमर पुढच्या ग्रेडला जायचा तर त्याने कोड सोडून माणसं सांभाळायची, ही शिडी कंपनीनेच लावलेली. दुसरी शिडी नव्हतीच. आता सांगतात, तुम्ही हँड्स-ऑन नाही.

एआयचं नाव सगळे घेतायत. टीसीएसच्या सीईओंनी, कृतिवासन यांनी, त्या वेळी सांगितलं होतं की हे एआयमुळे नाही, कौशल्यं आणि नेमणूक यांचा मेळ बसत नाही म्हणून. मला ते अर्धं पटतं. त्याच्या महिनाभर आधीचं बघा. जूनमध्ये त्यांनी नियम आणला होता: वर्षात २२५ दिवस बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल असे, हवे, बेंच ३५ दिवसांच्या वर नको. चाळिशीतल्या मॅनेजरला ३५ दिवसांत नवा प्रोजेक्ट मिळणं किती अवघड, ते सिंहगडींच्या आरएमजीच्या फेऱ्या वाचल्या की कळतं. आणि क्लायंट स्वतःची सेंटरं काढतायत ही तिसरी बाजू. भारतात अशी सतराशेच्या वर जीसीसी झाली आहेत. काम भारतातून गेलेलं नाही, कंपन्यांच्या हातातून गेलंय.

---

गिरणगाव

वाचतोय सकाळपासून. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते, साच्यावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच नाही. संपाचे नेते डॉ. सामंत यांच्या मागे का गेलात, असं वडिलांना नंतर पुष्कळांनी विचारलं. ते एवढंच म्हणायचे, त्याआधी आमचं ऐकायला कुणी येत नव्हतं. गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत आणि म्हाडाच्या घरांच्या सोडतीची वाट बघणारी कुटुंबं अजून आहेत.

हे गळा काढायला सांगत नाही. आयटीतल्या मंडळींना मी वर्षानुवर्षं ऐकतोय, आम्हाला युनियनची काय गरज, आमचं टॅलेंट आहे. माझा भाऊसुद्धा हेच म्हणायचा. त्याला मागच्या वर्षी मेल आला. आता विचारतो, कुणी आहे का रे ओळखीचं लेबर ऑफिसात?

---

वकीलबाई

पुण्यात कामगार न्यायालयात काम करते. इथलं लिहिणं म्हणजे वकिली सल्ला नव्हे, कागद बघितल्याशिवाय काही ठरत नाही. पण काही गैरसमज दिसले म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झालाय. कपातीची मूळ चौकट तीच राहिली: वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी. नवीन भर म्हणजे १५ दिवसांच्या शेवटच्या मजुरीइतकी रक्कम कौशल्य निधीतून कामगाराच्या खात्यात जायची आहे. सरकारची आधी परवानगी घेण्याची अट मात्र कारखाने, खाणी आणि मळे यांनाच आहे. पूर्वी १०० कामगारांची मर्यादा होती, आता ३०० केली. आयटी कंपनीला ती अट पूर्वीही नव्हती. 'लेबर कमिशनरने परवानगी कशी दिली' असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते त्यामुळे गैरलागू.

खरी मारामारी 'कामगार कोण' यावर होते. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा बाहेर. पर्यवेक्षण करणारा असेल तर दरमहा १८ हजारांच्या वर पगार असला की बाहेर. जुन्या कायद्यात ही रेषा १० हजारांवर होती. पण तांत्रिक, कुशल काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. म्हणजे वीस लाखांचा डेव्हलपरही कामगार ठरू शकतो. न्यायालय कार्डावरचा हुद्दा बघत नाही, रोजचं काम बघतं. सिंहगडी, तुम्ही रजा मंजूर करत होता, अप्रेझल लिहीत होता, तर तुमची बाजू इथे कमकुवत आहे. तुम्हाला नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या कलमावर आणि वाटाघाटीवर भर द्यावा लागेल. तेवीसचा_फ्रेशर मात्र आरामात कामगार आहे, त्याने हे लक्षात ठेवावं.

आपणहून राजीनामा दिलात की कपातीची भरपाई विसरा. म्हणून दबाव असेल तर कागद तयार करा. बैठकीनंतर त्याच दिवशी एचआरला साधी ईमेल: आज अमुक वेळी बैठक झाली, मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी तशी इच्छा नाही, मी काम करायला तयार आहे, पर्यायी नेमणूक द्यावी. आरडाओरडा नको, विशेषणं नकोत. नेमणूकपत्र, पेस्लिपा, अप्रेझलची पत्रं आधीच आपल्याकडे घ्या, पण क्लायंटचा किंवा कंपनीचा डेटा स्वतःच्या मेलवर अजिबात पाठवू नका. त्यावरून गैरवर्तनाची नोटीस निघालेली मी बघितली आहे. रागाच्या भरात सबमिट दाबलं गेलंच, तर स्वीकृती येण्याच्या आत लेखी मागे घ्या.

कोर्टात जाऊन काहीच होत नाही हेही खरं नाही. जानेवारी २०१५ मध्ये चेन्नईत टीसीएसच्या एका गरोदर कर्मचारी स्त्रीने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. अंतरिम स्थगिती मिळाली आणि पुढे कंपनीने तिला काढण्याचा निर्णय मागे घेतला. अर्थात वेळ जातो, आणि चाळिशीत वेळ महाग पडतो, हेही अशिलांना मी आधीच सांगते.

---

बीएसएनएलवाला

आमच्याकडे २०१९ ला व्हीआरएस आली. ७८ हजारांवर लोकांनी घेतली आणि ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात घरी. हिशोब असा: झालेल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला ३५ दिवसांचा पगार आणि निवृत्तीला राहिलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. शिवाय पेन्शन. तेव्हा आयटीतले पुतणे मला म्हणाले होते, काका, सरकारी नोकरीत आळशी झालात. दोन महिन्यांचा पगार ऐकून आज त्यांची आठवण झाली. त्या व्हीआरएसआधी पगार थकले होते, कंत्राटी कामगारांचे तर जास्तच, म्हणून फार गोडवे गात नाही. पण सूत्र कागदावर होतं. कुणाला किती, हे शिपायापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना आधी ठाऊक होतं.

---

म्युनिकवासी

जर्मनीत कामावरून काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जावं लागतं, नाहीतर हक्क गेला. त्यामुळे इथे पहिला फोन वकिलाला. आणि धंद्याच्या कारणाने कपात करायची तर सारख्या कामाच्या लोकांमधून निवड करताना चार गोष्टी बघाव्याच लागतात: किती वर्षं नोकरी, वय, अवलंबून माणसं किती, अपंगत्व. म्हणजे सोळा वर्षं झालेला, पदरी कुटुंब असलेला माणूस यादीत सगळ्यात शेवटी. रेघोट्यांनी लिहिलं त्याच्या बरोब्बर उलट. तरी सगळं गोड नाही. कंपन्या रोख रक्कम देऊन सह्या घेतातच, फक्त रक्कम ठरवताना समोर कामगार समितीचा माणूस बसलेला असतो.

---

जर्सीसिटीकर

आमच्याकडे वॉर्न कायदा आहे, १९८८ चा. शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने मोठी कपात करायची तर साठ दिवस आधी सांगायचं. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या त्याच दिवशी अ‍ॅक्सेस बंद करतात आणि साठ दिवस पगार देत राहतात. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना शेवटच्या पगाराच्या दिवसानंतर आणखी साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवा एम्प्लॉयर नाहीतर सामान बांधा. २०२३ ला एका मोठ्या कंपनीत माझ्या शेजारच्याची नोकरी गेली तेव्हा बायको सातव्या महिन्यात होती. पगाराचे दिवस आणि व्हिसाचे दिवस, दोन वेगळी कॅलेंडरं त्याने फ्रिजवर लावली होती. त्याला नोकरी मिळाली. सगळ्यांना मिळते असं नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर लाख डॉलरची फी आली. परत फिरणारे पुण्यातच येणार, म्हणजे सिंहगडी, तुमच्याच रांगेत. दिलासा नाही हा, पण घाई का करू नये आणि शोध आजच का सुरू करावा, दोन्ही यातून कळेल.

---

फुकटचंबू

दिलासा द्यायचा नसेल तर एवढं लांब कशाला बसलात, इकडेच या की.

---

व्यवस्थापक

कंपन्यांची नावं घेऊन स्वतःचे अनुभव लिहिलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. जाहीर आकड्यांवर चर्चा चालेल. चंबू, आवरा.

---

सिंहगडी

सगळ्यांना धन्यवाद. घरी सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, मला वाटलंच होतं, तू रोज लॅपटॉप उघडून नुसता बसतोस. मग तिनेच वही काढली. हप्ता, शाळा, विमा, एसआयपी. किती महिने तगतो ते लिहिलं. आकडा मला वाटत होता तितका वाईट निघाला नाही.

वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे ईमेल पाठवली. दुसऱ्याच दिवशी एचआरचा स्वर बदलला. आधी 'तुम्ही' म्हणून बोलत होते, आता 'आपण' आलं. पुन्हा बोलावलं, या वेळी फोन आत नेऊ दिला. नवा प्रस्ताव: नोटिशीचे तीन महिने, वर पाच महिने, मेडिक्लेम मार्चपर्यंत. शिवाय कागदावर एकूण रक्कम भलीमोठी दिसते, कारण ग्रॅच्युइटी पण त्यातच बेरजेला धरली आहे. हे बरोबर आहे का?

---

एचआर_होते_मी

नाही! ही जुनी युक्ती. पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी कायद्याने मिळतेच, राजीनामा दिलात तरी. बेसिक आणि डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. समजा बेसिक ८० हजार आहे, तर सोळा वर्षांचे साधारण ७ लाख ३८ हजार झाले. हे पैसे तुमचेच आहेत, ते देऊन कंपनी उपकार करत नाही. प्रस्तावातून वेगळे काढायला लावा आणि मग उरतं काय ते बघा. साठलेल्या रजेचे पैसेही तसेच.

---

वकीलबाई

दुजोरा. आणि नव्या संहितांमध्ये मजुरीची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग मजुरीत धरायचा. बेसिक मुद्दाम कमी ठेवलेल्यांची ग्रॅच्युइटी त्यामुळे वाढू शकते, तुमचा हिशोब कुठल्या आकड्यावर केलाय ते लेखी विचारा. नोकरी संपल्यावर थकीत मजुरी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची, अशीही तरतूद आहे. 'एफएनएफला (शेवटच्या हिशोबाला) पंचेचाळीस दिवस लागतात' हे वाक्य ऐकलंत तर हे कलम नम्रपणे पुढे करा.

कराचंही बघा. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि नोकरी सोडताना मिळणारे रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत करमुक्त आहेत, पण वरची पाच महिन्यांची रक्कम पगार म्हणूनच करपात्र धरली जाईल. आर्थिक वर्ष संपत आलंय, ती एप्रिलमध्ये घेता आली तर सीएला विचारून घ्या.

---

तेवीसचा_फ्रेशर

सर, एक सांगू का? मागे जरा जास्तच बोललो होतो. ते मागे घेत नाही, पण तुमच्या डोमेनमधल्या एका जीसीसीत माझा सीनियर आहे, ते प्रोग्रॅम मॅनेजर शोधतायत. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

---

सिंहगडी

व्यनि मिळाला. आभार. सीव्ही पाठवतोय.

---

नाशिकची_मिसळ

धागा पळवत नाही, पण वकीलबाई, एक प्रश्न. माझ्या बहिणीला पण असंच बोलावणं आलंय, दुसऱ्या कंपनीत, आणि तिला चार वर्षं आठ महिने झालेत. ती टेस्टिंगमध्ये आहे, हाताखाली कुणी नाही. ग्रॅच्युइटी बुडाली ना?

---

वकीलबाई

बुडाली असं लगेच धरू नका. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पाच दिवसांच्या आठवड्याला १९० दिवस धरतात. सगळ्या कंपन्या आपणहून मानत नाहीत, भांडावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे शेवटचा दिवस पुढे ढकलून घ्यायचा. नव्वद दिवसांची नोटीस असेल तर ती पूर्ण भरू द्या म्हणावं, पैसे देऊन लगेच मोकळं करू नका. चार वर्षं आठ महिने अधिक तीन महिने, पाचला महिना कमी पडतो, तेवढा रजा किंवा हँडओव्हर म्हणून मागता येतो. आणि टेस्टिंग म्हणजे सरळसरळ तांत्रिक काम, हाताखाली कुणी नाही, म्हणजे तिची बाजू सिंहगडींपेक्षा कितीतरी भक्कम आहे. तिला सांगा, पोर्टलवर काही दाबू नकोस. नेमणूकपत्र आणि शेवटच्या पेस्लिपा घेऊन शनिवारच्या आत कुणातरी कामगार वकिलाला भेट. नाशिकला चांगले आहेत, हवं तर व्यनि करा.